शास्त्रीबुवा मोठे की हथौडा?

"बॉक्सिंगमधलं काही कळतं का तुम्हाला?"

इंदूरच्या स्नेहलतागंजातली ती खोली बघायला मी देवासहून निघाले तेव्हा घरमालक काय काय विचारतील याची उजळणी करूनच बसमध्ये बसले होते. संध्याकाळी किती वाजता परतणार, पाहुण्यांची वर्दळ असते का, घरच्यांनी लग्नाचं कुठवर आणलंय, सगळ्याची उत्तरं तयार होती. या प्रश्नाचं मात्र नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.

"थोडंफार? पेपरात वाचून वगैरे?"

"अजिबात नाही. आमच्या घरात कुणी कुणाला साधा चिमटा काढत नाही."

"वा!" घरमालक काका ताडकन उठले आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "अहो, ऐकलं का? खोली गेली! पंच मिळाला!"

"आधी तिला पाणी तरी विचारा," आतून काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आश्चर्य अजिबात नव्हतं, आणि तिथेच मला सावध व्हायला हवं होतं.

माझ्या आधी त्या खोलीत बँकेतले एक गृहस्थ राहायचे. सज्जन, निर्व्यसनी, चपला सरळ रेषेत काढणारे. पण हळूहळू ते हथौड्याच्या बाजूला झुकायला लागले. झुकलेला पंच घरात ठेवणं म्हणजे दुधाच्या पातेल्यावर मांजर राखणीला बसवणं, असं काकांचं मत पडलं आणि बँकवाल्यांनी बडा गणपतीजवळ दुसरी खोली बघितली. त्यांच्याही आधी एक शाळामास्तर होते, ते शास्त्रीबुवांच्या बाजूला झुकले. हे काकांना चालण्यासारखं होतं, पण समोरच्या पक्षाने हरकत घेतली. म्हणून यावेळी काकांना असा माणूस हवा होता ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही. माझ्या आयुष्यात माझ्या अज्ञानाची एवढी कदर कुणी केली नव्हती.

काका एका कापडगिरणीत फोल्डिंग खात्याचे हेडक्लार्क होते. तयार कापडाच्या घड्या पडून त्यावर शिक्का बसतो, ते खातं. आजोबांच्या वेळी संस्थानात नोकरी, वडिलांच्या वेळी महूच्या छावणीत कारकुनी आणि काकांच्या वेळी गिरणी, असा त्यांच्या घराण्याचा प्रवास. पण आपली खरी ओळख त्यांच्या मते वेगळीच होती. महूला लहानपणी त्यांनी शिपायांच्या बॉक्सिंगच्या लढती पाहिल्या, मोठेपणी आपणही हातमोजे चढवायचे असं ठरवलं, आणि नेमका चष्मा लागला.

"नंबर आडवा आला, नाहीतर..." हे वाक्य ते कधीच पूर्ण करत नसत. काकू करायच्या. "नाहीतर नाक तरी सरळ राहिलं नसतं."

तर दर रविवारी सकाळी, पोहे-जिलबी झाल्यावर, काकांच्या ओट्यावर वाद व्हायचा. विषय एकच, जगातला सर्वांत थोर हेवीवेट चँपियन कोण. मी राहायला गेले तेव्हा हा वाद चालू होऊन वीसेक वर्षं झाली असतील. दोन्ही पक्षांनी एकही लढत डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. पुरावा म्हणजे महूच्या रद्दीवाल्याकडची जुनी इंग्रजी मासिकं, रेडिओवरच्या बातम्या आणि पेपराचं शेवटचं पान. तेवढ्यावर ही माणसं अशी भांडायची, जणू लढतीच्या वेळी कोपऱ्यात बादली घेऊन हेच उभे होते.

चँपियनचं खरं नाव घ्यायचं नाही, हा काकांचा पहिला नियम. "नाव घेतलं ना पंचजी, की माणूस पेपरातलं बोलायला लागतो. घरचं नाव ठेवा, मग बघा कसं मनातलं बोलतो." म्हणून सगळ्यांना घरची नावं होती. पायांवर नाचत नाचत समोरच्याला दमवून शेवटी आडवा करणारे ते शास्त्रीबुवा. आला, दोन ठोसे मारले आणि जेवायला घरी गेला, तो हथौडा. लांबलचक हातांनी दुरूनच टिचक्या मारत बसणारा तो थंडोबा. सोप्या सोप्या लढती निवडून मानपान घेणारा तो जावईबापू. त्यांची खरी नावं मला पुढे कळली, पण काकांचा नियम मोडायची माझी अजूनही हिंमत नाही, त्यामुळे ती इथेही येणार नाहीत.

काकांचे शास्त्रीबुवा. हथौडा मास्टरांचा.

मास्टर समोरच्या घरात राहायचे. त्याच गिरणीत विणकाम खात्यात होते, मालव्यातले, आवाज मागांच्या खडखडाटावर मात करायला कमावलेला. ते हिंदीत भांडायचे, काका मराठीत, आणि दोघांपैकी कुणालाही समोरच्याचं एक अक्षर समजलं नाही असं कधी झालं नाही. काका वेताच्या खुर्चीवर, मास्टर समोर लाकडी स्टुलावर, दोघांच्या खांद्यावर टॉवेल. मी मध्ये पायरीवर, हातात स्टीलचा पेला आणि चमचा. पूजेची घंटा काकूंनी साफ नाकारली होती. तीन मिनिटांची फेरी, मग चमचा पेल्यावर. मध्ये एक मिनिट विश्रांती, त्यात पाणी प्यायचं, पान लावायचं, पण बोलायचं नाही.

"शास्त्री तेरा नाचता है भिया! नाचना है तो बारात में जाए!"

"अरे नाचतो म्हणूनच तर लागत नाही ना त्याला! तुझा हथौडा हवेत हात फिरवेल, घामाघूम होईल, आणि हा त्याच्या मागे उभा राहून म्हणेल, नमस्कार."

"एक लगी ना, एक भी लगी, तो नमस्कार करने को हाथ नहीं उठेगा!"

"लगी तो! लगी तो! वीस वर्षं झाली, तुझी गाडी 'लगी तो'वरच उभी आहे!"

सर्वांत कडक नियम कमरेखालच्या वाराचा. गिरणी, पगार, मुलं, सासर आणि तब्येत, हे विषय कमरेखालचे. वादात त्यातलं काही आलं की पंचाने गुण कापायचे. काकांनी एकदा रागाच्या भरात मास्टरांच्या मेहुण्याचा उल्लेख केला होता आणि मी त्यांचे गुण कापले. घरमालकाचे गुण कापायला जरा धाकधूक वाटली, पण संध्याकाळी काका स्वतः जिन्यावर येऊन म्हणाले, "बढिया काम केलं. पंच असाच पाहिजे. कोणाच्या बापाला घाबरू नका." त्यानंतर मी बिनधास्त झाले.

रविवार सोडून इतर दिवशीही काकांचं डोकं रिंगमध्येच असे. माणसाला बघितल्या बघितल्या त्याचं वजन ठरवायचे, आणि ते शरीरावर अवलंबून नसे. कोपऱ्यावरचा किडकिडीत शिंपी हेवीवेट होता, कारण तो गिऱ्हाईकाला "नाही जमणार" असं तोंडावर सांगायचा. गिरणीतले एक अगडबंब साहेब फ्लायवेट, म्हणजे सर्वांत हलके. काकूंचं वजन कधी केलंत का, असं मी विचारलं तेव्हा ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "त्या वेगळ्या आहेत. त्या आयोजक आहेत." भाजीवाल्याशी घासाघीस करताना ते एक पाऊल पुढे, एक मागे घेत. ऑफिसात माझ्या साहेबांनी मला विनाकारण झापलं, मी रडवेल्या तोंडाने घरी आले, तर काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कितवा राउंड होता?" "म्हणजे?" मी विचारलं. "मतलब नोकरीला किती दिवस झाले? दोन महिने? मग रडता काय. पहिला राउंड कोणीपण जिंकतो." त्याने माझं समाधान झालं नाही, पण रडू थांबलं.

शास्त्रीबुवांवर त्यांचा एवढा जीव का, हे मला काकूंनी सांगितलं. काका डावखुरे. शाळेत मास्तरांनी त्यांचा डावा हात खुर्चीला बांधून उजव्या हाताने अक्षर गिरवून घेतलं होतं. घरी डाव्या हाताने पानातलं उचललं की आजी चिमटा घेई. शेवटी लिहिणं आणि जेवणं उजव्या हाताला गेलं, आणि दोन्ही कामं काका आयुष्यभर पाहुण्यासारखी करत राहिले. अशात एक दिवस महूच्या रद्दीत त्यांना शास्त्रीबुवांचा पानभर फोटो सापडला. उजवा हात पुढे, डावा हनुवटीशी दबा धरून. अस्सल डावखुऱ्याची ठेवण.

"जगाचा चँपियन, आणि डावखुरा!" काकांनी फोटोला काच लावून आणली आणि बैठकीत आजोबांच्या शेजारी टांगली. दसऱ्याला काकू सगळ्या तसबिरींना झेंडूच्या माळा घालत, त्यात शास्त्रीबुवांनाही एक मिळायची. नवख्या पाहुण्यांना ते कुठलेतरी सत्पुरुष वाटत, फक्त अंगात सदरा का नाही एवढंच विचारत.

काकांचा सगळा युक्तिवाद त्या डाव्या हातावर उभा होता. मासिकात कुठे शास्त्रीबुवांच्या उजव्या ठोशाचं वर्णन आलं तर ते मान हलवून म्हणत, "डावखुऱ्याचा उजवा हात एवढा, तर डावा काय चीज असेल, विचार करा!" पेपरातले बाकीचे फोटो इतके पुसट की त्यात हात कुठला आणि पाय कुठला हेच कळू नये. त्यामुळे त्यांच्या श्रद्धेला कधी धक्का लागला नाही.

मी राहायला येऊन तीनेक वर्षं झाली असतील, तेव्हा इंदूरच्या गिरण्यांना घरघर लागली. एकेक करून फाटकं बंद होत होती. बाजारात मात्र रोज काहीतरी नवीन यायचं, नवी शीतपेयं, नवे साबण, गच्चीगच्चीवर डिशच्या छत्र्या. देश खुला होतोय असं पेपरात यायचं आणि आमच्या गल्लीतली माणसं दुपारी घरी दिसायला लागली होती. मग एका शुक्रवारी काकांच्या गिरणीच्या फाटकावरही नोटीस लागली.

शनिवारी काका नेहमीच्या वेळेला डबा घेऊन निघाले. फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून डबा खाऊन परत आले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "काउंट चालू आहे, पंचजी. माणूस खाली बसला म्हणजे हरला नाही. रेफरी दहा मोजेपर्यंत उठायचं असतं."

मास्टर तेव्हा आपल्या दारात उभे होते. "भिया," ते म्हणाले, "रेफरी घर चला गया."

वादाबाहेर बोललेलं असल्यामुळे मला गुण कापता आले नाहीत. काका डबा घेऊन आत गेले.

दुसऱ्याच दिवशी रविवार होता, आणि तो रविवार काकांनी महिनाभर आधीपासून राखून ठेवलेला होता. गल्लीत केबल आली होती. कुठल्यातरी परदेशी वाहिनीवर जुन्या गाजलेल्या लढती दाखवणार होते आणि त्यात शास्त्रीबुवांची सर्वांत मोठी लढत होती. एवढ्या वर्षांनी प्रत्यक्ष दर्शन! काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मास्टर जिलबी घेऊन आले. दारात चपलांचा ढीग पडला.

शास्त्रीबुवा पडद्यावर आले आणि काका हसायलाच लागले, नुसते आनंदाने. "पाय बघा! पंचजी, पाय बघा! सांगत नव्हतो मी?" खरोखरच ते पाय बघण्यासारखे होते. मला काही कळत नसूनही मी जिलबी हातात धरून बघत राहिले. मग पहिल्या फेरीची घंटा झाली. शास्त्रीबुवांनी हात वर केले. डावा हात पुढे होता, उजवा हनुवटीशी.

काकांचं हसणं थांबलं. ते थोडे पुढे सरकले. चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

"केबल उलटी लावली आहे," ते म्हणाले.

केबलवाला तिथेच जिलबी खात होता. "काकाजी, केबल उल्टी-सीधी नहीं होती."

"होते. चित्र उलटं येतंय."

"फिर नीचे अक्षर सीधे कैसे आ रहे हैं?"

"अक्षरं ते नंतर चिकटवतात!"

कुणी हसलं नाही. सगळ्यांना एकदम कळलं होतं. मासिकवाल्यांनी कधीतरी फोटो उलटा छापला होता, आणि त्या एका उलट्या फोटोवर काकांनी वीस वर्षं किल्ला लढवला होता. भिंतीवर तो फोटो, खाली टीव्ही, दोन शास्त्रीबुवा एकमेकांसमोर आरशात उभे असल्यासारखे. मग हळूहळू सगळ्यांची नजर मास्टरांकडे वळली. वीस वर्षं ज्या संधीची वाट बघितली ती ताटात वाढून समोर आली होती.

मास्टरांनी बोटांचा पाक सावकाश रुमालाला पुसला. "मेरे को तो भिया," ते म्हणाले, "दोनों हाथ का लगता है। कभी इधर से, कभी उधर से। ऐसे आदमी का क्या भरोसा।"

लढत संपली. शास्त्रीबुवा जिंकले, तरी काकांनी टाळी वाजवली नाही. सगळे उठल्यावर मी मास्टरांना गल्लीत गाठलं. "तुम्ही आज जिंकला असतात," मी म्हणाले.

"पंचजी, परसों फाटक बंद हुआ है। गिरे हुए को नहीं मारते। ये नियम इन्हीं का सिखाया हुआ है।"

फाटक मास्टरांच्या तोंडावरही बंद झालं होतं, हे मला जिना चढताना सुचलं. त्यांना ते सुचलेलं दिसलं नाही. मला तो माणूस त्या दिवशी फार आवडला.

काकूंनी नंतर सांगितलं, त्या दुपारी काकांनी फोटो भिंतीवरून काढला, कपाटाच्या आरशासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि परत होता तिथे टांगला. डाव्या हाताचा मुद्दा मात्र वादातून गेला तो गेलाच.

पुढचे काही महिने रविवार तसेच चालू राहिले, उलट जास्तच जोमाने. बाकीच्या सहा दिवसांत दोघांना काही कामच नव्हतं. आणि मग एका रविवारी, फेरी रंगात आलेली असताना, काकांनी विचारलं, "हथौडा तुझा शेवटी रिंग सोडून का गेला, सांग ना!"

मास्टर म्हणाले, "आदमी को जाना पड़ता है भिया। घर चलाना होता है। मैं भी जा रहा हूँ। मानपुर।"

मानपूरला, आग्रा-मुंबई रस्त्यावर, मास्टरांच्या त्याच मेहुण्याचा ढाबा होता. बाजार खुला झाल्यापासून ट्रक वाढले होते आणि गल्ला सांभाळायला घरचा माणूस हवा होता.

"फाऊल!" काका खुर्चीतून उठले. "पंचजी, कमरेखालचा वार! सासर काढलं, पोटापाण्याचं काढलं! गुण कापा!"

नियमाने तो फाऊलच होता. मी दोघांकडे बघितलं. मास्टर मान खाली घालून बसले होते आणि काकांचा आवाज फुटला होता. मी मास्टरांचे गुण कापले. दुसरं काय करणार, मला त्यांनी ठेवलंच होतं त्यासाठी.

त्यानंतर काकांनी जे सुरू केलं त्याला बॉक्सिंगमध्ये काय म्हणतात मला माहीत नाही, पण साध्या मराठीत त्याला वेळकाढूपणा म्हणतात. वाद निकालात निघाल्याशिवाय कुणी रिंग सोडायची नाही, असा एक नियम त्यांना अचानक आठवला. मास्टर बिचारे नियमाला पक्के. मग काका दर रविवारी नवा उमेदवार उभा करू लागले. थंडोबाचा विचार झालाच नाही, म्हणाले. मग जावईबापूवर अन्याय झाला. मग हेवीवेट गटाच्या व्याख्येवरच एक अख्खा रविवार गेला. मास्टरांचं जाणं एकदा पुढे ढकललं गेलं, दोनदा ढकललं गेलं. मेहुण्याचे निरोप येत होते आणि शेवटच्या निरोपात त्याने स्पष्ट सांगितलं होतं, येत नसाल तर दुसरा माणूस बघतो.

काकू एक दिवस माझ्या खोलीत आल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच जिना चढून वर आल्या होत्या. "तुम्ही निकाल देऊन टाका," त्या म्हणाल्या. "कोणाच्यापण बाजूने द्या. मास्टरांच्या घरात काही राहिलं नाहीये हो. त्यांच्या बायकोने काल माझ्याकडून कणिक नेली. हे काही तोंडाने 'जाऊ नको' म्हणणार नाहीत, आणि जाऊपण देणार नाहीत."

"आणि मास्टर गेल्यावर काकांचं काय?"

"ते मी बघीन," काकू म्हणाल्या, पण कसं बघणार ते त्यांनाही माहीत नव्हतं.

त्या रविवारी मी निकाल द्यायचं ठरवूनच पायरीवर बसले. कुणाच्या बाजूने, ते मात्र ठरत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी मेहुण्याने पाठवलेला ट्रक उभा होता. मास्टरांचं सामान त्यात चढलेलं, आणि केबिनमध्ये त्यांची बायको मांडीवर गाठोडं घेऊन बसलेली. ड्रायव्हर दर दोन मिनिटांनी हॉर्न वाजवत होता. काका मात्र अगदी तयारीत होते. आज म्हणे दोन चँपियनांच्या सरावाच्या पद्धतींची तुलना करायची होती.

"मास्साब!" ड्रायव्हर शेवटी ओट्यापाशीच आला. "आगे माल उतारना है। चलना है कि नहीं?"

"चलते हैं, चलते हैं। इनका हो जाने दो," मास्टर म्हणाले आणि स्टुलावर बसूनच राहिले.

काकांनी ट्रककडे बघितलं. मास्टरांच्या बायकोने त्यांना बघून डोक्यावरचा पदर सारखा केला. एवढंच झालं. काका बोलता बोलता थांबले. मी पेला-चमचा सरसावून तोंड उघडलं, तोच त्यांनी हाताने मला गप्प केलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि ओट्याच्या मधोमध टाकला.

"हथौडा मोठा," ते म्हणाले. "मी मानतो. शास्त्रीबुवा नाचतच राहिले. झालं. निकाल लागला. जा आता."

मास्टर लालबुंद झाले. असा संताप मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता. "ये क्या है? पंचजी, ये नूरा कुश्ती है, मिलीभगत की! बीस साल में एक बार नहीं माना, आज मेरे पे दया कर रहे हैं!"

"टॉवेल पडला की पडला. मग रेफरीचंपण चालत नाही."

"उठाओ टॉवेल!"

"तू त्या दिवशी टीव्हीसमोर काय केलं होतं, ते सांग आधी."

मास्टर स्टुलावरून उठले. दोघं समोरासमोर उभे होते, दोघंही म्हातारे. कुणी मिठी मारली नाही, कुणी रडलं नाही. मास्टर पायरी उतरले, दहा पावलं गेले, परत फिरले आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मैं नहीं मानता ये फैसला!" मग ट्रकमध्ये चढले.

पुढच्या रविवारी मी सवयीने पेला आणि चमचा घेऊन खाली आले. खरं म्हणजे येऊ नये असं वाटत होतं. ढाब्यावर रविवारीच सर्वांत जास्त गर्दी असते, म्हणजे मास्टर कुठल्याच रविवारी येणार नव्हते. हे काकूंनाही माहीत होतं, तरी त्यांनी पोहे नेहमीसारखे चौघांपुरते मागवले होते.

काका ओट्यावर होते, पण मास्टरांच्या स्टुलावर.

"बसा," ते म्हणाले आणि वेताच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"मी? मी पंच आहे."

"पंच काकू होतील. तुम्ही शास्त्रीबुवांच्या बाजूने बोला. तीन वर्षं ऐकताय, एवढं नाही बोलता येणार?"

"आणि तुम्ही?"

"मास्टरची बाजू कोणी मांडायला नको का? तो नाही म्हणून काय त्याच्या माणसाने हरायचं?"

काकूंनी माझ्या हातातून पेला आणि चमचा घेतला, पदर खोचून पायरीवर बसल्या आणि घंटा वाजवली. मी घाबरत घाबरत पायांपासून सुरुवात केली. आणि मग काय झालं कोण जाणे, काकांचे सगळे मुद्दे माझ्या तोंडून धडाधड यायला लागले. मला बॉक्सिंगमधलं अजूनही काही कळत नव्हतं, पण शास्त्रीबुवांना कुणी वेडंवाकडं बोललेलं मला त्या क्षणी खपलं नसतं. मला ते जिंकायला हवे होते. काकांसाठी हवे होते.

पण समोर काका होते. मोडक्यातोडक्या हिंदीत, मास्टरांसारखी मांडीवर थाप मारत, "एक लगी ना, एक भी लगी," असं ओरडत ते माझा एकेक मुद्दा, म्हणजे स्वतःचाच एकेक मुद्दा, पाडत चालले होते. कुठे काय दुबळं आहे ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? घाम आला, चष्मा घसरला, तरी थांबेनात. वीस वर्षं ते शास्त्रीबुवांच्या बाजूने भांडत आले होते, पण हथौड्यासाठी त्या दिवशी जसे भांडले तसे स्वतःसाठी कधीच भांडले नसतील.

माझ्याकडचं सगळं संपलं. मी म्हणाले, "हरले."

काकूंनी चमचा पेल्यावर आपटला. काका धापा टाकत स्टुलावरून उठले, त्यांनी आपला हात आपणच धरून वर केला आणि कुणी ऐकायला नव्हतं तरी गल्लीकडे तोंड करून जाहीर केलं, "मास्टर जिंकले!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "चला, पीसीओवर जाऊ. मानपूरला फोन करून सांगू त्याला. आज दया नाही केली म्हणावं."